मांडवातली भाषा

माणूस परागंदा होतो तेव्हा घरदार, शेतीवाडी मागे राहते. देव आणि भाषा मात्र तो गाठोड्यात बांधून नेतो. आम्ही चामोर्शीकरांनी हे जवळून पाहिले आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना १९६०च्या दशकात सरकारने आजच्या चामोर्शी-मुलचेरा भागात जमिनी देऊन वसवले. त्यांनी धान पिकवले, बोड्यांत मासळी वाढवली आणि दुर्गापूजेचा मांडव घातला. त्यांची मुले मराठीत शिकली, बाजारात आमच्याशी मराठीतच भाव करू लागली. तरीही ‘अजून घरात बंगालीच का?’ असे विचारणारा शेजारी हल्ली पुढच्याच वाक्यात ‘तुम्ही नक्की कुठले?’ असेही विचारतो. हा सूर मला अस्वस्थ करतो.

कारण या वाटेचे टोक कुठे जाते, ते जगाने पाहिले आहे. अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात जर्मन मंडळींच्या व्यायामशाळा होत्या, गायनमंडळे होती. १८९८ साली पूर्ण झालेले ‘दास डॉइचे हाउस’ हे त्यांचे सांस्कृतिक भवन शहराचे भूषण होते. एप्रिल १९१७मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि कालचे शेजारी एका रात्रीत संशयित ठरले. १९१८मध्ये भवनाचे नाव बदलून ‘अथेनियम’ करावे लागले. १९१९मध्ये त्या राज्याने शाळांतून जर्मन भाषाच हद्दपार केली. शेजारच्या इलिनॉय राज्यात तर एप्रिल १९१८मध्ये रॉबर्ट प्रागर नावाच्या जर्मन खाणकामगाराला जमावाने फासावर लटकवले होते.

त्या भवनाचे वास्तुशिल्पी बर्नार्ड व्हॉनेगट. त्यांचा नातू कर्ट १९२२ साली त्याच शहरात जन्मला, पुढे मोठा लेखक झाला. पण आजोबांची भाषा त्याला आईबापांनी शिकवली नाही. भीतीने घरातून घालवलेली भाषा कायद्याने परत येत नाही. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नेब्रास्कातील असा भाषाबंदीचा कायदा रद्द केला खरा, पण तोवर एका पिढीचा घास गेला होता.

‘इथे राहायचे तर इथली भाषा यायला हवी’ हे म्हणणे रास्तच आहे. पण एक भाषा शिकण्यासाठी दुसरी विसरावी लागते, हे कोणी सांगितले? लंडनमध्ये १९३२पासून महाराष्ट्र मंडळ आहे. उत्तर अमेरिकेत १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. तिथल्या गणेशोत्सवाचे फोटो पाहून आपला ऊर भरून येतो. मग सातासमुद्रापलीकडची आपली आरती ती संस्कृती आणि चामोर्शीतला ढाक मात्र संशयास्पद, हा कुठला न्याय? आणि गोंडी-माडिया तर याच मातीतल्या; त्यांनाही आपण शाळेच्या उंबरठ्यावरच ताटकळत ठेवले, हेही विसरू नये.

कागदपत्रांचे प्रश्न सरकारने कायद्याने सोडवावेत. शेजाऱ्याची निष्ठा त्याच्या बोलीवरून तोलण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही. यंदा पूजेच्या मांडवात आपण मराठी माणसांनी आवर्जून जावे. बंगाली कळली नाही तरी चालेल. प्रसाद घेताना दोन शब्द बोलावेत, एवढे पुरे.