छत घडीचेच बरे!

मंडळी, मुलाने फ्लोरिडात १६ फुटी मोटरबोट घेतली आहे आणि तिच्यावर छत कोणते, यावरून घरात दोन पक्ष पडलेत. सूनबाईंना पक्के छत हवे. माझे मत घडीच्या कापडी छताला; तिकडे त्याला 'बिमिनी' म्हणतात. लहान बोटीला उंचावरचे वजन सोसत नाही, ती जास्त हेलकावते. शिवाय तिकडे उन्हाळ्यात दुपारी अचानक वादळ उठते. तेव्हा छतात वारा भरतो. घडीचे पटकन मिटता येते, पक्के मिटणार कसे? कापड अ‍ॅक्रिलिकचे घ्यावे, ते उन्हात लवकर विटत नाही. आणि पाण्यावरून परतणारे ऊन छताखालीही शिरते, तेव्हा नातवंडांना लांब बाह्यांचे कपडे हवेतच. सावली हवी खरी, पण बोटीच्या जिवावर उठणारी नको! तुम्हाला काय वाटते?