जिन्याखालची मीटरपेटी
मुंबईच्या काळबादेवीतल्या एखाद्या जुन्या इमारतीत शिरलं की आधी नजरेत भरते ती लाकडी जिन्याखालची मीटरपेटी. काजळलेल्या वायरी, फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार, शेजारी कापडाचे गठ्ठे. दिवा-पंख्यापुरत्या ओढलेल्या वायरीवर आज एसी चालतो. वायर तापते, आवरण वितळतं, ठिणगी पडते आणि सुटकेची एकमेव वाटच पेटते. याच काळबादेवीत ९ मे २०१५ रोजी लागलेल्या गोकुळ निवासच्या आगीने अग्निशमन दलाचे चार अधिकारी हिरावून नेले. राज्याच्या २००६ च्या कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. पण वायरिंग तपासलंच नाही, तर तो कागद अपुराच. वीजभार वाढवण्याआधी वायरी बदला, जिना मोकळा ठेवा. आगीत उडी घेणाऱ्यांच्या जिवाचं एवढं तरी मोल आपण राखायलाच हवं.