एचआयव्ही : कोणाचे ऐकावे?



एचआयव्हीविषयीचा प्रश्न आजही आपल्या घरात मोठ्याने विचारला जात नाही. ताप आला तर आपण शेजारणीला सांगतो, मधुमेह निघाला तर कामावर सांगतो. परंतु या आजाराची नुसती शंका आली तरी माणूस गप्प होतो. मग रात्री घरातली सगळी झोपली की तो मोबाईल उघडतो आणि कोणालाही न विचारता येणारा प्रश्न त्यावर लिहितो.

उत्तरे भराभर येतात. त्यात चांगल्या डॉक्टरांची शास्त्रीय माहिती असते. आणि पूर्वी लोकलच्या डब्यात 'खात्रीचा इलाज' म्हणून जाहिराती चिकटवणारे जे भोंदू होते, त्यांचे आजचे वारसदारही तिथेच बसलेले असतात. दोन्ही एकाच पडद्यावर, एकसारख्या अक्षरांत दिसतात. त्यांतले खरे कोणते आणि खोटे कोणते, हे कसे ओळखावे, याचा विचार आज आपण करणार आहोत.

आधी लाजेविषयी दोन शब्द. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. वाचक आपल्या कामजीवनातील अडचणी पत्राने विचारीत आणि कर्वे छापील उत्तर देत. ही उत्तरे अश्लील आहेत म्हणून त्यांच्यावर खटला भरण्यात आला. १९३४ साली त्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. निकाल विरुद्ध गेला, कर्व्यांना दंड झाला. पण माणसाने आपल्या शरीराविषयी प्रश्न विचारावा आणि त्याला शास्त्रशुद्ध उत्तर मिळावे, ही बाजू बाबासाहेबांनी भर न्यायालयात मांडली होती, हे आपण विसरता कामा नये. तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याने मान खाली घालण्याचे कारण नाही. मात्र उत्तर कोण देतो आहे, हे त्याने नीट पाहिले पाहिजे.

एवढे तरी पाठ असावे

खोटे नाणे ओळखायचे तर खरे नाणे हातात घेतलेले असावे लागते. म्हणून काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात.

एचआयव्ही हा विषाणू आहे. तो असुरक्षित लैंगिक संबंधातून, दूषित रक्तातून, एकमेकांची सुई वापरल्याने आणि बाधित आईकडून बाळाला होतो. एका ताटात जेवल्याने, एकच संडास वापरल्याने, मिठी मारल्याने किंवा डास चावल्याने तो होत नाही.

लक्षणांवरून तो कळत नाही. ताप, अंगावर पुरळ, वजन कमी होणे ही शंभर आजारांची लक्षणे आहेत. ती मोबाईलवर वाचून कित्येक माणसे महिनोन्महिने भीतीने झुरतात. कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे रक्ततपासणी. लागण झाल्यानंतर ती तपासणीत दिसायला काही आठवडे लागतात. म्हणून पहिला अहवाल निगेटिव्ह आला तरी समुपदेशक तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात. तसेच एकाच तपासणीवर कोणाला पॉझिटिव्ह ठरवीत नाहीत. आपल्याकडे तीन वेगवेगळ्या तपासण्या जुळल्या तरच निदान पक्के होते.

आजार मुळासकट बरा करणारे औषध अजून सर्वांसाठी निघालेले नाही. जगात बोटांवर मोजण्याइतके रुग्ण विषाणूमुक्त झाले. त्यांच्यावर प्रामुख्याने रक्ताच्या कर्करोगासाठी अस्थिमज्जा बदलण्याचे अवघड उपचार झाले होते. तो मार्ग सर्वांना चालणारा नाही. परंतु विषाणूला दाबून ठेवणारी औषधे आहेत. त्यांना एआरटी म्हणतात. सरकारी केंद्रांतून ती १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. रोज न चुकता गोळी घेणारा माणूस कामधंदा करतो, संसार करतो, म्हातारा होतो. रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता जगभर मान्य झाले आहे. उपचाराविना बाधित आईच्या बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात १५ ते ४५ इतका असतो. वेळेवर औषधे घेतल्यास तो पाचाच्याही खाली येतो.

चार प्रश्न विचारा

आता मोबाईलवर आलेल्या कोणत्याही मजकुराला चार प्रश्न विचारावेत.

पहिला : सांगणारा कोण? त्याचे नाव, संस्था, पत्ता दिलेला आहे का? राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे 'नाको', ही १९९२ पासून काम करणारी सरकारी यंत्रणा आहे. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटी 'जीओव्ही डॉट इन' अशी अक्षरे असतात, ती पाहून घ्यावीत. जागतिक आरोग्य संघटनेची माहितीही विश्वासाची. शोध घेतल्यावर सर्वांत वर जे येते ते सर्वांत खरे, असे मुळीच नाही. पुष्कळदा ती पैसे देऊन वर आणलेली जाहिरात असते आणि तिच्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' असे लिहिलेले असते.

दुसरा : तो काय विकतो आहे? माहितीच्या शेवटी औषधाची बाटली, चूर्ण किंवा 'आगाऊ रक्कम पाठवा' असे आले की सावध व्हा. आपल्या देशाच्या औषधविषयक नियमांत 'जे' नावाचे एक परिशिष्ट आहे. त्यात दिलेले आजार आपण बरे करतो, असा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. त्या यादीत एड्सचे नाव आहे. म्हणजे '९० दिवसांत एड्स बरा' म्हणणारा विज्ञानाच्या विरुद्ध तर बोलतोच, नियमही मोडतो.

तिसरा : हे केव्हा लिहिले? जुनी माहिती खोटी नसते, पण ती शिळी होते. शिळ्या अन्नासारखीच ती बाधते. पूर्वी सीडी-फोर पेशी ठराविक आकड्याखाली गेल्याशिवाय औषध सुरू करीत नसत. तसे सांगणारे लेख अजून वाचायला मिळतात. ते वाचून कोणी 'मला अजून औषधाची गरज नाही' म्हणत थांबला तर घात होईल. २०१७ पासून आपल्या देशाचे धोरण असे आहे की, निदान झाले की सीडी-फोर कितीही असो, उपचार सुरू करावयाचे.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा : तो मला काय सोडायला सांगतो? 'सरकारी गोळ्या बंद करा, त्या विषारी आहेत, आमचे औषध घ्या' असे जो सांगतो तो आपला शत्रू समजावा. गोळ्यांचा त्रास काहींना होतो, हे खरे आहे. तो डॉक्टरांना सांगावा, ते औषध बदलून देतात. मनाने गोळ्या सोडल्या की विषाणू पुन्हा वाढतो, त्याच औषधाला दाद देईनासा होतो आणि क्षयासारखे आजार अंग धरतात. क्षयरोगाने एचआयव्ही बाधितांचे सर्वाधिक बळी घेतले आहेत.

एका देशाने दिलेली किंमत

'अडाणी माणसे फसतात, आम्ही शिकलेले आहोत,' असे कोणी म्हणू नये. १९९९ साली दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष झालेले थाबो एम्बेकी हे परदेशात शिकलेले, वर्णभेदाविरुद्ध लढलेले विद्वान गृहस्थ. एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच न मानणाऱ्या काही मंडळींचे लिखाण त्यांच्या वाचनात आले. ते त्यांनी इंटरनेटवर वाचल्याचे त्या काळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. त्यांच्या मनात औषधांविषयी संशय बसला. त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, लिंबू आणि बीट खाण्याचा सल्ला देत राहिल्या. सरकारी दवाखान्यांत औषधे पोचायला वर्षे गेली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली हिशेब मांडला. २००० ते २००५ या काळात या विलंबामुळे ३ लाख ३० हजारांहून अधिक माणसे मेली, असा तो हिशेब होता.

त्याच देशातल्या साध्या माणसांनी हे निमूट सोसले नाही. 'ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन' या संघटनेतील बाधितांनी स्वतः औषधशास्त्र शिकून घेतले, ते वस्तीवस्तीत समजावून सांगितले, मोर्चे काढले आणि न्यायालय गाठले. गरोदर मातांना औषध द्यावे, असा आदेश तिथल्या संविधान न्यायालयाने २००२ साली सरकारला दिला. या लढ्याच्या काळात आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीचाही हातभार लागला. जी औषधे एका रुग्णाला वर्षाला दहा हजार डॉलरांहून महाग पडत, ती २००१ साली या कंपनीने सेवाभावी डॉक्टरांच्या संघटनेला साडेतीनशे डॉलरांत देऊ केली. खोट्या माहितीने माणसे मारली आणि खऱ्या माहितीने संघटित झालेल्या माणसांनी माणसे वाचवली, हा या इतिहासाचा धडा आहे.

मोबाईल ठेवा, माणूस गाठा

मोबाईलवर माहिती वाचावी, पण शोध तिथे संपवू नये. शेवटी एखाद्या जिवंत, जबाबदार माणसापर्यंत पोचलेच पाहिजे.

१०९७ हा नाकोचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. नाव न सांगताही विचारता येते. जिल्हा रुग्णालये, ग्रामीण रुग्णालये, महापालिकेची रुग्णालये अशा ठिकाणी 'आयसीटीसी' नावाचे केंद्र असते. तिथे तपासणी मोफत होते, तपासणीच्या आधी आणि नंतर समुपदेशक एकांतात बोलतात आणि अहवाल गुप्त ठेवतात. पॉझिटिव्ह आल्यास ते एआरटी केंद्राकडे पाठवतात.

आपल्या समाजातील अनेक बंधू-भगिनी रुग्णालयांत सफाई कामगार, आया, वॉर्डबॉय म्हणून राबतात. कचऱ्यातली सुई टोचली तर 'बघू उद्या' म्हणू नये. जागा साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये, आणि लगेच त्याच रुग्णालयातील डॉक्टरांना सांगावे. प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. ते २८ दिवस घ्यावे लागते. लैंगिक अत्याचार झालेल्या भगिनीसाठीही हे औषध आहे. अशा वेळी मोबाईलवर शोधत बसण्यात घालवलेला प्रत्येक तास महाग पडतो.

औषधाइतकीच सोबतीची गरज असते. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या स्वतःच्या संघटना महाराष्ट्रात आहेत. त्यांचा पत्ता एआरटी केंद्रातील समुपदेशकाकडे मिळतो. दहा वर्षे गोळ्या घेऊन मुलीचे लग्न लावून दिलेली बाई समोर बसून बोलते, तेव्हा नव्या रुग्णाची निम्मी भीती तिथेच उतरते. व्हॉट्सॲपवरचे गटही आधार देतात. मात्र ज्या गटात अनोळखी माणूस अहवालाचा फोटो, आधार कार्ड किंवा पैसे मागतो, तो गट तत्काळ सोडावा. आणि ज्या घरात चार माणसांत एकच मोबाईल आहे, तिथे वाचून झाल्यावर शोधाची नोंद पुसून टाकायला शिकावे. आपला आजार कोणाला सांगायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

कायदा आपल्या बाजूने आहे

मुंबईत एका सार्वजनिक उपक्रमात राबणाऱ्या हंगामी कामगाराला एचआयव्ही निघाला म्हणून काम नाकारले गेले. तो नाव गुप्त ठेवून मुंबई उच्च न्यायालयात गेला. १९९७ साली न्यायालयाने निकाल दिला : जो माणूस काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यामुळे इतरांना धोका नाही, त्याची भाकरी केवळ या कारणाने काढून घेता येणार नाही. एका साध्या मजुराने सर्वांसाठी वाट मोकळी केली.

पुढे संसदेने २०१७ साली एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीवाचून तपासणी करता येत नाही. नोकरीसाठी ही तपासणी अट म्हणून घालता येत नाही. विश्वासाने कळलेली गोष्ट डॉक्टरने किंवा मालकाने संमतीवाचून इतरांना सांगता येत नाही. नोकरी, शाळा, उपचार, भाड्याची खोली यांत भेदभाव करता येत नाही. शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत आणि वीस किंवा अधिक माणसांच्या रुग्णालयात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. राज्य पातळीवर लोकपालाची तरतूद आहे. महिलांना आणि अनुसूचित जातींतील व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही मोफत मिळतो.

वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवण्याची गरज नाही. वेगळा पेला, वेगळे ताट, दाराबाहेरची जागा हे सारे आपल्या आजा-पणजांनी सोसले. तोच वेगळा पेला आपल्या घरात सुनेसाठी किंवा भावासाठी ठेवला जात असेल, तर तो आजच बाजूला टाकावा.

महिलामंडळाच्या आणि तरुण मंडळाच्या कार्यकर्त्यांना आमची सूचना आहे. वस्तीतील फलकावर १०९७ हा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहावा. आपल्या भागातील आयसीटीसी केंद्राचा पत्ता आणि वेळ स्वतः जाऊन विचारून घ्यावी व तीही खाली लिहावी. ज्याला विचारायची लाज वाटते, तो येता-जाता ते वाचील आणि योग्य दारापर्यंत पोचेल.