कागद गिरण्यांची वाफ कोण मोजणार?

प्रति,
मा. महासंचालक, महाऊर्जा, पुणे
मा. महासंचालक, ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो, नवी दिल्ली

महोदय,

नाशिकची द्राक्षे ज्या खोक्यांतून परगावी जातात, त्यांना लागणारा तपकिरी क्राफ्ट कागद रद्दीपासून बनवणाऱ्या लहान-मध्यम गिरण्या आमच्या जिल्ह्यात आहेत. त्यांच्या वाफेचा हिशेब कोणीच मागत नाही, म्हणून हे पत्र.

लगदा वायरवर (मशीनच्या जाळीवर) पडतो तेव्हा त्यात जेमतेम एक टक्का तंतू असतात. टनभर कागदामागे नव्वद टनांहून जास्त पाणी. त्यातले बहुतेक वायरवर गळते आणि प्रेसमध्ये पिळून निघते. उरलेले थोडे पाणी ड्रायरवर वाफेने उडवावे लागते आणि गिरणीचे बहुतांश इंधन तिथेच खर्ची पडते. प्रेसमधून कागद ४० टक्के सुका निघाला, तर टनामागे सुमारे १,३७५ किलो पाणी उडवायचे. ४५ टक्के सुका निघाला, तर १,११० किलो. म्हणजे ड्रायरचे जवळजवळ एक पंचमांश काम वाचले. त्यासाठी नवी मशीन लागतेच असे नाही. रोलांचा दाब, फेल्टची सफाई, व्हॅक्यूम यांकडे रोज लक्ष द्यावे लागते.

ड्रायरमध्ये वाफेचे पाणी (कंडेन्सेट) होते, तेही स्वच्छ आणि कढत. ते बॉयलरकडे परत नेले, तर बॉयलरला जाणाऱ्या पाण्याच्या वाढलेल्या दर ६ अंशांमागे सुमारे एक टक्का इंधन वाचते. हे पाणी सोडून वाफ अडवणारा स्टीम ट्रॅप उघडा अडकला, तर मात्र जिवंत वाफच निघून जाते. ७ किलो दाबाच्या नळीला ३ मिलिमीटरचे भोक असेल, तर वर्षाकाठी ३३ हजार लिटर फर्नेस ऑइल वाया जाते, हे ब्यूरोच्याच पुस्तकात छापले आहे. हे ज्ञान बॉयलर हाउसपर्यंत पोचत नाही, ही माझी तक्रार आहे.

मोठ्या उद्योगांना ऊर्जाबचतीचे लक्ष्य देणारी 'पॅट' योजना २०१२ मध्ये कागद उद्योगाला लागू झाली, पण वर्षाला किमान ३०,००० टन तेल-समतुल्य ऊर्जा वापरणाऱ्या गिरण्यांनाच. रद्दीवर चालणारी, रोज शंभर टन कागद काढणारी गिरणीही या मर्यादेच्या बरीच खाली राहते. मालकाला कोळशाचे आणि विजेचे बिल ठाऊक असते. टनामागे वाफ किती लागली, हे अनेक ठिकाणी कोणालाच सांगता येत नाही, कारण वाफेचा मीटरच नसतो. जे मोजले जात नाही ते सुधारणार कसे?

आमच्या इगतपुरी तालुक्यात इंधनाचा प्रश्न आणखी बिकट होतो. इथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. घोटीच्या भातगिरण्यांतला तूस हे हाताशी असलेले चांगले इंधन. पण उघड्यावर भिजलेला तूस जाळायचा, तर आधी त्यातलेच पाणी उकळावे लागते. रद्दीच्या गठ्ठ्यांबरोबर इंधनालाही पक्के छप्पर हवे. ही साधी शेडसुद्धा ऊर्जाबचतीच्या मदतीत धरावी, असे मला आग्रहाने वाटते. आणि ज्या तालुक्यात एवढ्या पावसानंतरही उन्हाळ्यात वाड्या-पाड्यांवर टँकर फिरतात, तिथे परत न नेलेले कंडेन्सेट म्हणजे पाण्याचीही नासाडी आहे.

२०२५ मध्ये केंद्राने उद्योगांतील ऊर्जाबचतीसाठी 'अदिती' (ADEETIE) योजना आणली. तरतूद १,००० कोटींची, सूक्ष्म-लघू उद्योगांना कर्जाच्या व्याजात ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत. यादीत कागदही आहे. चांगली योजना आहे. पण वीस-पंचवीस कामगारांच्या गिरणीत अर्ज भरायला, अहवाल लिहायला माणूस नसतो. म्हणून महाऊर्जेने नाशिकमध्ये एक फिरते पथक द्यावे. वाफ व तापमान मोजायची आणि ट्रॅप तपासायची उपकरणे त्यांच्यासोबत असावीत आणि अर्जाचे कामही त्यांनीच करून द्यावे. निमासारख्या उद्योजक संघटनेला सोबत घ्यावे. टनामागे किती वाफ लागली, याचे आकडे गिरण्यांची नावे न देता प्रसिद्ध करावेत, म्हणजे प्रत्येकाला आपण कुठे उभे आहोत ते कळेल. दंडाची भाषा आत्ता नको. आधी मोजू द्या.

पहिली मोजणी येत्या पावसाळ्यापूर्वी आणि दुसरी ऐन श्रावणात करावी. दोन्हींची तारीख आपण कळवावी, ही विनंती.

आपला,
एक इगतपुरीकर