शेजाऱ्यांनी परत बांधलेलं घर

मुलांनो, शांताबाई शेळके यांचं 'चौघीजणी' तुमच्यापैकी किती जणींनी वाचलंय? (मुलग्यांनीही वाचायला हरकत नाही बरं का!) ते ज्या इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर आहे, त्याची लेखिका लुईसा मे अल्कॉट अमेरिकेत, बॉस्टन शहराजवळच्या कॉन्कॉर्ड या लहानशा गावात राहायची. तिच्या घरापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर एक मोठं लाकडी घर होतं. तिथे राल्फ वाल्डो इमर्सन हे लेखक राहायचे. लुईसा लहान असताना त्यांच्या अभ्यासिकेत जायची आणि हवं ते पुस्तक काढून वाचत बसायची. इतकी पुस्तकं, आणि कुणी रागवायचं नाही! आजची गोष्ट त्या घराची आहे.

२४ जुलै १८७२. भल्या सकाळची वेळ. इमर्सन तेव्हा ६९ वर्षांचे होते. भिंतीतून काहीतरी तडतडतंय असा आवाज आला म्हणून ते जागे झाले. पाहतात तो भिंतीच्या आत आग! आता लाकडी घर म्हणजे काय, तुम्हीच विचार करा. छप्पर लाकडाचं, जिना लाकडाचा, आणि घरभर कागद. इमर्सन अर्धवट कपड्यांनिशी खाली धावले, फाटकापाशी गेले आणि शेजाऱ्यांना हाका मारू लागले. बाहेर पाऊस होता.

शेजारी धावत आले. कुणी पुस्तकं उचलली, कुणी खुर्च्या, कुणी भांडी, कुणी कपडे. हातोहात सामान बाहेर येऊ लागलं. पत्नी लिडियन सुखरूप होत्या. बंबही आला. पण छप्पर काही वाचलं नाही, वरचा मजला गेला. भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. पुस्तकं आणि हस्तलिखितं मात्र बहुतेक सगळी वाचली. काही भिजली, काहींच्या कडा करपल्या, पण वाचली.

परवा मी आमच्या चौथीच्या वर्गात विचारलं, "घराला आग लागली तर तुम्ही आधी काय बाहेर काढाल?" मग काय, एकच गलका! दप्तर, सायकल, टीव्ही, क्रिकेटची बॅट. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "आजीला. तिला जिना उतरता येत नाही." सगळा वर्ग गप्प झाला. तिचं उत्तर लक्षात ठेवा. आणि एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा: बाहेर पडल्यावर कुठल्याही वस्तूसाठी पुन्हा आत जायचं नाही, मोठ्या माणसांना हाक मारायची, १०१ वर फोन करायचा. कॉन्कॉर्डच्या शेजाऱ्यांनी सामान काढलं ती धडधाकट मोठी माणसं होती, हे विसरू नका.

लुईसाही त्या सकाळी धावून आली होती. ओल्या, करपलेल्या पुस्तकांच्या आणि कागदांच्या ढिगाजवळ ती राखण करत उभी होती. तेवढ्यात इमर्सन आजोबा तिथे आले. पाय अनवाणी. तिच्याकडे बघून ते शांतपणे हसले आणि म्हणाले, की आज माझं ग्रंथालय मला नव्याच रूपात दिसतंय. मग त्यांनी विचारलं, की माझ्या भल्या शेजाऱ्यांनी माझे बूट कुठे फेकलेत, ते सांगशील का? अहो, डोक्यावरचं छप्पर गेलंय आणि हा माणूस बूट शोधतोय!

पण त्यांना काही वाटलं नाही असं समजू नका. पावसात भिजल्यामुळे त्यांना ताप आला. त्याआधीपासूनच त्यांना थोडं विसरायला होत होतं, ते या धक्क्यानंतर वाढलं. नेहमीचे शब्दही आठवेनात. घर जळतं तेव्हा नुसत्या वस्तूच जळत नाहीत, हे मोठ्यांना माहीत असतं. मुलांनाही ते सांगितलेलं बरं, असं मला वाटतं.

राहायला जागा मिळाली. गावातच त्यांच्या आजोबांच्या वेळचं जुनं घर होतं, तिथे नातेवाईक होते, कुटुंब तिकडे गेलं. लिहिण्यावाचण्यासाठी गावच्या कोर्टाच्या इमारतीत त्यांना एक खोली लावून दिली. खरी अडचण पुढेच होती. घर पुन्हा बांधायचं तर पैसा हवा. मित्रांनी तो जमवायला सुरुवात केली. पण द्यायचा कसा?

अडचण का, ते सांगते. १८४१ साली इमर्सन यांनी एक निबंध लिहिला होता. त्याच्या नावाचा अर्थ 'स्वावलंबन'. माणसानं स्वतःवर भरवसा ठेवावा, असं सांगणारा तो निबंध जगभर वाचला गेला. आता त्याच लेखकापुढे पैशाचं पाकीट धरायचं म्हणजे पंचाईतच की! कॉलेजातल्या एका जुन्या मित्रानं ५,००० डॉलर आणून दिले. मग इतर मित्रांनी मिळून त्याच्या दुपटीहून जास्त रक्कम उभी केली. न्यायाधीश असलेल्या होर नावाच्या स्नेह्यानं मोठी रक्कम परस्पर गावच्या बँकेत इमर्सन यांच्या नावावर ठेवली आणि मग हळूच त्यांना सांगितलं. इमर्सन म्हणाले, की आजवर मी माझ्या पायांवर उभा राहत आलोय. पण शेवटी त्यांनी ते पैसे घेतले. आणि देणाऱ्यांच्या नावांची यादी वाचताना त्यांचे डोळे भरून आले.

ज्यानं स्वावलंबन शिकवलं त्यानंच मदत घेतली, म्हणजे निबंध खोटा ठरला का? वरच्या वर्गातल्या मुलांनी यावर घरी जरूर वाद घालावा. माझं मत विचाराल तर, घेणं हे देण्यापेक्षा अवघड असतं, आणि ते सोपं करणं हे देणाऱ्याचं काम आहे.

मागे आमच्या गावात एका घराला आग लागली, तेव्हा शाळेत आम्ही सामान गोळा केलं. भांडी आली, धान्य आलं. पण बटणं तुटलेले शर्ट आले, आणि एका पिशवीत चक्क एकाच पायाची चप्पल निघाली! आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. जे आपण स्वतः घालणार नाही, ते दुसऱ्यालाही देऊ नये. त्याच वेळी पाचवीतल्या एका मुलानं काय केलं ठाऊक आहे? त्या घरातली मुलगी त्याच्याच वर्गात होती. तिच्या वह्या जळाल्या होत्या. यानं रोज थोडं थोडं करून गणिताची आणि मराठीची वही तिच्यासाठी पुन्हा उतरवून काढली. तिच्या हातात देताना म्हणाला, "माझं अक्षर वाईट आहे, चालेल ना?" तिला ते घेताना जराही अवघड वाटलं नाही.

तर, मित्रांनी आग्रह करून इमर्सन यांना हवापालटासाठी पाठवलं. १८७२ च्या ऑक्टोबरात ते मुलगी एलनला घेऊन निघाले. इंग्लंड, फ्रान्स, इटली, आणि पुढे इजिप्तमध्ये नाईल नदीवर. परतताना ऑक्सफर्डला मॅक्सम्युलर यांच्याकडे उतरले. हो, ऋग्वेद छापून काढणारे तेच मॅक्सम्युलर. इमर्सन यांनी भगवद्गीता आवडीनं वाचली होती, तेव्हा गप्पांना विषय कमी पडला नसणार.

इकडे गावात काम जोरात चाललं होतं. घर नवं, पण जसंच्या तसं! अभ्यासिका होती तिथेच, पुस्तकंही आपापल्या जागी. मे १८७३ मध्ये आगगाडी कॉन्कॉर्डला पोचली तेव्हा चर्चच्या घंटा वाजू लागल्या. स्टेशनवर गाव लोटलेला. आज कसला समारंभ आहे, असं त्यांना वाटलं म्हणे! बँड पुढे, गाड्या मागे, वाटेवर शाळेतली मुलं गाणी म्हणत उभी, आणि घरापाशी फुलापानांची कमान. इमर्सन आत गेले, घर पाहिलं आणि पुन्हा फाटकापाशी आले. वर्षभरापूर्वी हाका मारल्या, त्याच फाटकापाशी. ते लोकांना म्हणाले, की हे स्वागत एका म्हाताऱ्याचं आणि त्याच्या मुलीचं नाही, आपण सगळे एका कुटुंबाचे आहोत त्याचं आहे.

विसरणं काही थांबलं नाही. पुढे एलननंच त्यांचे कागद लावले, भाषणाच्या वेळी शेजारी बसून शब्द सुचवले. २७ एप्रिल १८८२ रोजी त्यांनी याच घरात डोळे मिटले. ते घर अजून उभं आहे. अभ्यासिकेतल्या त्यांच्या मूळ वस्तू रस्त्यापलीकडच्या संग्रहालयात मांडल्या आहेत. आणि बुटांची ती हकीकत आपल्याला कळली, कारण त्यांच्या मागे लुईसानं आठवणी लिहिल्या. त्या तिनं लिहिल्या होत्या मुलांच्या एका साप्ताहिकासाठी!