योडर : एका आडनावाची वाटचाल

आडनाव म्हणजे घराण्याचा सातबारा, अशी आपली समजूत असते. मूळ गाव कोणते, पूर्वज कोण, धर्म कोणता, एवढेच नव्हे तर पुढच्या पिढीने कसे वागावे, हे सारे त्या दोन-तीन अक्षरांत नोंदवून ठेवले आहे असे आपण मानतो. स्वित्झर्लंडमधून निघून अमेरिकेत पसरलेल्या ‘योडर’ या आडनावाचा इतिहास वाचला, की ही समजूत पार ढासळते.

योडर म्हणजे मुळात थिओडोर. चौथ्या शतकात स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रदेशात थिओडोर किंवा थिओडुल नावाचे बिशप होऊन गेले. इ. स. 381 मध्ये अक्विलेया येथे भरलेल्या धर्मपरिषदेला ते हजर होते. पुढे लोक त्यांना संत म्हणून भजू लागले. पोपने दिलेली जड घंटा त्यांनी सैतानाच्या पाठीवर लादून रोमहून आल्प्स पर्वतापार आणविली, अशी दंतकथा आहे. मॅटरहॉर्न शिखराजवळची एक खिंड आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. डोंगरी लोकांच्या बोलीत थिओडोरचे ‘योडर’ झाले. मुलांना ते नाव ठेवले जाऊ लागले आणि कालांतराने त्याचेच आडनाव बनले.

अमेरिकेतील अनेक योडर घराणी आपले मूळ बर्न कँटनमधील थून शहराजवळच्या स्टेफिसबुर्ग गावात शोधतात. 1528 मध्ये बर्नने प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला आणि तेथील संतपूजा बंद झाली. संत गेले, पण आडनाव राहिले! त्याआधीच, 1525 मध्ये, झुरिकमध्ये अ‍ॅनाबाप्टिस्ट पंथाचा उदय झाला होता. तान्ह्या मुलाच्या डोक्यावर पाणी शिंपडून कुणी ख्रिस्ती होत नसतो. जाणत्या वयात, स्वतः विचार करून घेतलेला बाप्तिस्माच खरा, असे या पंथाचे म्हणणे. एवढ्याशा गोष्टीसाठी 1527 मध्ये फेलिक्स मान्झ याला लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले. बर्नच्या राज्यकर्त्यांनीही या लोकांना तुरुंगात डांबले, त्यांच्या मालमत्ता जप्त केल्या, त्यांना हद्दपार केले. 1693 च्या सुमारास याकोब अम्मान याच्या अनुयायांचा वेगळा गट पडला. तेच आजचे आमिश लोक. संतांना न मानणाऱ्या या पंथात संताचेच नाव लावणारे योडरही होते. म्हणजे आडनाव एकीकडे आणि श्रद्धा दुसरीकडे, अशी फारकत तेव्हाच झाली होती.

छळाला कंटाळून अशी कुटुंबे आल्सास आणि पॅलॅटिनेटमध्ये गेली. अठराव्या शतकात समुद्र ओलांडून त्यांतील कित्येकजण पेनसिल्व्हेनियात पोचले. जर्मनमध्ये हे आडनाव ‘जे’ या अक्षराने लिहितात, पण उच्चार ‘य’ असाच होतो. इंग्रजी मुलखात कानाला ऐकू आले तसे ते ‘वाय’ने लिहिले जाऊ लागले. पुढे ओहायो, इंडियाना, कॅन्सस असे ते पसरत गेले. कॅन्ससमध्ये तर योडर नावाचे गावच आहे. आज स्वित्झर्लंडपेक्षा कितीतरी अधिक योडर अमेरिकेत आहेत.

या आडनावाला जगभर प्रसिद्धी मिळाली ती मात्र एका खटल्यामुळे. विस्कॉन्सिन राज्यात न्यू ग्लारस हे गाव आहे. ग्लारस कँटनमधून आलेल्या स्विस लोकांनीच ते 1845 मध्ये वसविले. त्या भागातील तीन आमिश पालकांनी आपल्या मुलांना आठवीनंतर शाळेत पाठविण्यास नकार दिला. राज्याचा कायदा सोळा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची करणारा होता. प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1972 मध्ये ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ या खटल्याचा निकाल पालकांच्या बाजूने लागला. धर्मस्वातंत्र्याचा हा मोठा विजय मानला जातो.

न्यायमूर्ती डग्लस यांनी मात्र अंशतः भिन्न मत नोंदविले. मुलांना कुणी विचारले आहे का, असा त्यांचा सवाल होता. तिघांपैकी एकट्या योडरांच्या मुलीने साक्ष दिली होती आणि पुढची शाळा आपल्या श्रद्धेत बसत नाही असे सांगितले होते. बाकीच्या दोघांचे मत कुणी विचारलेच नव्हते.

मला डग्लस यांचे म्हणणे पटते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आठवीनंतर मला न विचारता कुणी निर्णय घेतला असता, तर हा लेख लिहिला गेला नसता. आमिश लोकांचे कष्ट, साधेपणा, परस्परांना धरून राहण्याची वृत्ती यांविषयी मला आदर आहे. ज्या राजसत्तेने पूर्वजांना देशोधडीला लावले, त्या सत्तेच्या शाळेविषयी मनात संशय असणे हेही समजू शकते. योडरांच्या मुलीचा निर्णय मला रुचत नाही, पण तो तिचा आहे म्हणून मी तो मानते. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी ‘जाणत्या वयात स्वतः निवड करू द्या’ एवढ्याच मागणीसाठी प्राण दिले, त्यांनी तरी आपल्या मुलांच्या वतीने परस्पर निवड करू नये.

डॉन योडर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लोकसंस्कृतीचे अध्यापन केले आणि पेनसिल्व्हेनियातील जर्मन भाषकांच्या लोकजीवनाचाच अभ्यास केला. हॅटन योडर हे खडकांचा अभ्यास करणारे नामवंत शास्त्रज्ञ झाले. नांगर धरणारा योडर आणि ग्रंथ लिहिणारा योडर, दोघेही तेच आडनाव लावतात. आडनावाला त्याची काहीच अडचण होत नाही. ती माणसांनाच होते.

पूर्वज कोठून आले, हे आडनावाने जरूर सांगावे आणि आपणही ते आवडीने ऐकावे. पण पुढे कोठे जायचे, हे ज्याला चालायचे आहे त्यालाच विचारायला हवे.