सरकारी वकील नेमतो कोण?

बलात्काराचा खटला सत्र न्यायालयात चालतो आणि तिथे बाईची बाजू मांडतो सरकारी वकील. देगलूर भागातल्या बायकांबरोबर कोर्टात जाताना पुष्कळदा दिसते, साक्षीच्या दिवसापर्यंत तिला त्याचे नावसुद्धा ठाऊक नसते.

अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत हा वकील लोक मतदानाने निवडतात. आपल्याकडे तसे होऊ नये. गठ्ठा मतांवर निवडून आलेला माणूस दलित बाईचा खटला कसा चालवील, हे काय सांगायला हवे?

पण आपली नेमणूक तरी कुठे स्वच्छ आहे? पात्रता म्हणजे सात वर्षांची वकिली, बस्स. जिल्हाधिकारी नावांची यादी करतात, त्यातून सरकार नेमते. 1973 च्या फौजदारी संहितेत ही यादी सत्र न्यायाधीशांच्या सल्ल्याने करायची होती. महाराष्ट्राने 1981 मध्ये दुरुस्ती करून तो सल्ला काढला, तिथे सरकारची मान्यता घातली. वकिलाचे काम रोज पाहणारा बाहेर, आणि पुढाऱ्याच्या शिफारशीला दार उघडे!

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 18 मध्ये न्यायाधीशांचा सल्ला पुन्हा लिहिलेला आहे. तेव्हा मैत्रिणींनो, जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारा: यादी कधी केली, सल्ला घेतला का, यादीत बायका किती? माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. आणि ज्यांचा खटला आजच उभा आहे त्यांच्यासाठी: याच कलमाखाली कोर्टाच्या परवानगीने पीडित बाईला सरकारी वकिलाच्या मदतीला आपल्या पसंतीचा वकील देता येतो.